संसदेची सत्ता आणि तिची मर्यादा

लोकनियुक्त संसदेस राज्यघटना वाटेल तशी फिरवितां यावी काय, हा प्रश्न आम्हां सुधारणेच्या कैवाऱ्यांस अडचणीचा आहे, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. १९५१ सालीं बिहारचा जमीनदारी-निर्मूलनाचा कायदा पाटणा हायकोर्टानें रद्द ठरविला, तेव्हां पहिली घटनादुरुस्ती करून रयतेच्या मदतीस धांवली ती तेव्हांची हंगामी संसदच. न्यायाधीश नेहमींच गरिबांचे वाली असतात, असा भ्रम आम्हांस नाहीं.

तथापि १९७३ च्या एप्रिलांत केशवानंद भारती खटल्यांत १३ पैकीं ७ न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, संसदेस घटना दुरुस्त करतां येईल, तिची मूलभूत चौकट मोडतां येणार नाहीं. हे शब्द ३६८ व्या कलमांत कोठें आहेत, असें टीकाकार विचारतात. नाहींत, खरें, पण डागडुजीस बोलाविलेल्या गवंड्यास घर पाडण्याचा अधिकार मिळतो काय?

कसोटी दोनच वर्षांत लागली. १९७५ सालीं, आणीबाणींत, ३९ व्या दुरुस्तीनें पंतप्रधानांची निवडणूक कोर्टांच्या कक्षेबाहेर नेण्यांत आली. आणि इंदिरा गांधींच्या निवडणुकीचें अपील त्या वेळीं सुप्रीम कोर्टापुढेंच होतें! विरोधी पक्षांचे कित्येक सभासद तुरुंगांत होते. अशा सभागृहाचा ठराव म्हणजे लोकांचा कौल, असें कोणीं म्हणावें? नोव्हेंबरांत कोर्टानें निवडणूक कायम केली, पण तें पोटकलम रद्द केलें. पुढें ४२ व्या दुरुस्तीनें या अधिकारास मर्यादाच नाहीं असें लिहून ठेविलें. तेंही १९८० सालीं मिनर्व्हा मिल्स खटल्यांत गेलें.

संसदेसाठीं अमर्याद सत्ता मागणारांनीं, ती १९७५ च्या त्या सभागृहाच्या हातीं देण्यास आपण राजी आहों काय, एवढें अगोदर सांगावें.