बंदूक विकताना

बैलाचा सौदा बाजारात रुमालाखाली होतो, बंदुकीचा होत नाही. रानडुकरांसाठी घेतलेली ठासणीची बंदूक तुमच्या परवान्यावर असली, तरी पैसे मोजून घेऊन ती दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. मग घेणारा सख्खा मेहुणा का असेना.

१९५९ चा शस्त्र कायदा विकायला मनाई करीत नाही. स्वतःच्या वापरातली बंदूक विकण्यास दुकानदाराचा परवाना लागत नाही. पण घेणाऱ्यापाशी त्या हत्याराचा परवाना हवा. शिवाय विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवावे लागते. त्यानंतर पुरे ४५ दिवस बंदूक घरातच राहू द्या. आमच्या मते तोवर विसारही घेऊ नये. अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारीख मात्र मागून घ्या. ‘साहेबांच्या कानावर घातलं होतं’ हे पुढे कामाला येत नाही.

खरा घोटाळा होतो परवानेदार वारल्यावर. शेत वारसांच्या नावे चढते, परवाना चढत नाही. अशी बंदूक माळ्यावर ठेवू नका, की कुणाला परस्पर विकू नका. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. जमा केली म्हणजे ती लगेच सरकारची झाली, असे घरच्या बायामाणसांनी समजू नये. मुदतीच्या आत परवाना असलेल्या माणसाला ती विकायला लावून पैसे वारसांना घेता येतात. जमा करतानाच मुदत विचारा आणि पावती सातबाऱ्याच्या कागदांत ठेवा.