यादीबाहेरचा अंश

दापोडीतील किराणा दुकानाचा काटा ग्रॅमपर्यंतचे वजन दाखवतो. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात, त्याहून कितीतरी सूक्ष्म तराजू आहे. निर्यातीच्या द्राक्षांतील कीटकनाशकांचे अंश तपासणारी देशाची संदर्भ प्रयोगशाळा तेथेच आहे. वीस टन द्राक्षांत मिळून एखादे रसायन अवघे एक ग्रॅम असले, तरी मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र ते मोजू शकते.

द्राक्षांचा लगदा करून त्यातील रसायने द्रावकात उतरवतात. यंत्रात त्यांच्या कणांना विद्युतभार मिळतो. पहिली चाळणी ठरावीक वस्तुमानाचेच कण पुढे सोडते. मग ते कण फोडले जातात आणि दुसरी चाळणी ओळखीचे तुकडे निवडते. क्लोरमेक्वाटचा कण 122 वस्तुमानाचा, त्याचे तुकडे 58 आणि 63 चे. ही खूण जुळली, तरच ओळख पटते.

मात्र यंत्राला जे शोधायला सांगावे, तेच ते शोधते. 2010 च्या हंगामात याची मोठी किंमत मोजावी लागली. वेलीची अवास्तव वाढ रोखण्यासाठी बागायतदार ‘सीसीसी’, म्हणजे हेच क्लोरमेक्वाट, फवारीत असत. आपल्याकडील तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. दाखले निर्दोष होते, माल रवाना झाला. युरोपातील तपासणीत मात्र किलोमागे 0.05 मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक अंश आढळला आणि माल अडकला. कोणी खोटे बोलले नव्हते, तरीही शेतकरी आणि निर्यातदार दोघेही पोळले. पुढे त्या रसायनाचा यादीत समावेश झाला.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजेच भेसळ, यांची गणना आहे. ते टाळणे ही पहिली पायरी. स्याद्वाद त्यापुढचे शिकवतो: प्रत्येक विधान कोणत्या तरी अपेक्षेनेच सत्य असते. ‘अंश आढळला नाही’ याचा अर्थ इतकाच की, या नमुन्यात, या यादीतील पदार्थ, या मर्यादेपर्यंत आढळले नाहीत.

म्हणून मसाले, तीळ, बेदाणे वा डाळी यांचा व्यापार करणाऱ्याने दाखला हाती येताच तीन प्रश्न विचारावेत. यादीत कोणकोणते पदार्थ होते? किमान किती अंश मोजता येत होता? नमुना कोणत्या मालातून, कोणी घेतला? आणि चौथा प्रश्न शेतकऱ्याला, आपुलकीने: बागेत काय फवारले होते?

यादीत नसलेले नाव यंत्र सांगणार नाही. ते शेतकऱ्याकडूनच कळेल.