वाऱ्यावर सोडलेली झाडं

"जंगल गेलं तर काय बिघडलं? तिथे पामच लावताहेत ना? तेही झाडच की!" हे वाक्य हल्ली चांगली शिकलेली माणसंही बोलतात. २०२१ साली केंद्राने ११,०४० कोटींचं पामतेल अभियान मंजूर केलं, ईशान्य भारत आणि अंदमानवर खास भर देऊन. तेव्हापासून तर जास्तच. मला हे वाक्य साफ चुकीचं वाटतं. माझा साक्षीदार आहे तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक किडा.

तेलपाम मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. मलेशियात त्याचे मळे झाले तेव्हा सर्वमान्य समजूत अशी, की याचं परागीभवन वारा करतो. पण फळं हवी तशी धरेनात. मग मजूर लावून मादी फुलोऱ्यांवर हाताने पराग उडवायचे. वर्षानुवर्षं! झाड तेच, पाऊस भरपूर, मग कमी काय होतं?

१९७०च्या दशकाच्या अखेरीस रहमान सय्यद या कीटकशास्त्रज्ञाने कॅमेरूनमध्ये जाऊन ते शोधलं. तिथे नर फुलोऱ्याला बडीशेपेसारखा वास येतो आणि त्यावर छोट्या सोंडकिड्यांची झुंबड उडते. ते तिथेच खातात, तिथेच अंडी घालतात, अळ्या कोमेजलेल्या फुलांवर वाढतात. मादी फुलोराही तसाच, पण मंद वास सोडतो. किडा फसून तिकडे जातो, हाती काही लागत नाही, पण अंगावरचे पराग मात्र सांडून येतो. १९८१मध्ये हे किडे मलेशियात सोडले आणि मजुरांचं ते काम जवळपास संपलंच.

दाट, ओल्या जंगलात खाली वारा असतो तरी किती? १९८६ साली अँड्र्यू हेंडरसन यांनी पामांच्या परागीभवनाचे तोवरचे अभ्यास एकत्र मांडले. त्यातही भुंगे, मधमाश्या आणि माश्याच पुढे दिसल्या. 'वारा करतो' हे आपण नीट न बघताच ठरवून टाकलं होतं!

आपला वेतही पामच्याच कुळातला. त्याचं नर झाड वेगळं, मादी वेगळं; म्हणजे निरोप्याशिवाय संसारच नाही. कोकणात सोंड्या भुंगा म्हणजे नारळाचा काळ, त्याचा बंदोबस्त जरूर करा. पण म्हणून सगळ्या भावकीला 'कीड' म्हणून एकच शिक्षा?

मळ्याला किडा बाहेरून आणता आला, कारण पीक एक होतं, किडा एक पुरला आणि तो जिथे नांदत होता ती जागा शिल्लक होती. जंगलातल्या शेकडो झाडांचे किडे कोण आणणार? आणि जंगलच नसेल तर आणणार कुठून?

नुसती झाडं मोजून जंगल होत नाही, मंडळी. पुढच्या वेळी कोणी "तेही झाडच" म्हणालं तर वाद घालू नका, एवढंच विचारा: "बरं, आणि इथले किडे कुठे राहायला जाणार?"