चपला पळवणाऱ्याची बाजू

छोटं कुत्रं म्हणजे मांडीवरचं खेळणं, असं समजणाऱ्यांनी स्मोकीची गोष्ट जरूर ऐकावी. यॉर्कशायर टेरियर जातीची ही कुत्री, वजन दोन किलोसुद्धा नाही. १९४४ साली महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलातल्या एका खंदकात ती सापडली. बिल विन या अमेरिकन सैनिकाने तिला शिकवलं आणि बाईसाहेब डोळे बांधून तारेवर चालू लागल्या! १९४५ मध्ये फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. पाइप ७० फूट लांब, ८ इंच रुंद, त्यातही जागोजागी माती. खणायचं तर तीन दिवस, वर बॉम्बची भीती. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, पलीकडून विनने हाका मारल्या, आणि ही पठ्ठी काही मिनिटांत बाहेर!

आता आमच्या सोसायटीतलं टेरियर घ्या. ते दाराची कडी उघडतं, चपला पळवतं, परवा तर एकटंच लिफ्टने खाली गेलं. म्हणून घरचे त्याला देऊन टाकायला निघालेत. मला हे साफ नामंजूर. अहो, उंदीर-घुशींमागे बिळात शिरायला तयार केलेली ही जात, दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडल्यावर तिने करायचं काय? वर्गातल्या चुळबुळ्या पोराला मी खडू-डस्टर आणायला धाडायचे, तास सुरळीत पार पडायचा. (खडूचे तुकडे होऊन यायचे, ते सोडा.) कुत्र्याचंही तेच.

उद्यापासून सकाळी सहाला त्याला माझ्याबरोबर टेकडीवर पाठवा, असं सांगून आले आहे. देऊन टाकायचं ते महिन्याभराने बघू.