निदान निदान तरी करा!

आपल्याकडे आजारी माणसाला आणि बंद पडलेल्या टू-स्ट्रोक स्कूटरला सल्ला द्यायला पदवी लागत नाही. स्कूटरच्या बाबतीत तर स्वतःची स्कूटर असण्याचीही अट नाही. चार किका मारून दम खात उभे राहा. पाचवीच्या आत तीन तज्ज्ञ हजर! पहिला म्हणतो, "आडवी करा." दुसरा म्हणतो, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा." तिसरा मेकॅनिक असतो. तो गाडीकडे न बघताच म्हणतो, "साहेब, इंजिन खोलावं लागेल."

मंडळी, माझं भांडण या तिसऱ्या वाक्याशी आहे.

मी बँकेतला कारकून. संध्याकाळी ताळा जमला नाही, तर आम्ही स्ट्राँगरूम फोडत नाही. फरकाला नवाने भाग जातो का, ते बघतो. जात असेल, तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिले असावेत, हा पहिला संशय. स्वस्तातली चूक आधी शोधायची, एवढं शहाणपण कॉमर्सने मला दिलं. ते गॅरेजात का चालू नये?

टू-स्ट्रोक इंजिन हा साधा संसार आहे. त्याला हवी ठिणगी, हवं पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि हवा दाब. प्लग काढून बघा, कुंडली हातात येते. बिस्किटी रंग असेल तर प्रकृती उत्तम. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर ठिणगीच पडत नाही. अशा वेळी स्कूटर आडवी करणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. प्लगच्या दोन टोकांत कार्बनचा कण अडकला असेल, तर टाचणीने काढा. पंधरा मिनिटं चालून गाडी बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की सुरू होते? मग झाकणाचं भोक बुजलंय. तिथंही टाचणीच! चालते, पण ओढत नाही? सायलेन्सरमधला कार्बन बघा.

पण टाचणीचं बिल किती होणार? इथंच खरी गोम आहे, आणि दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. नव्या पिस्टनचे पैसे गिऱ्हाईक निमूट मोजतं. "अर्धा तास विचार केला, त्याचे शंभर द्या," म्हटलं की तेच गिऱ्हाईक पोलिसात जायची भाषा करतं. मग तो बिचारा विचार कशाला करील?

आणि न केलेला विचार महाग पडतो. प्लग पांढराफटक असेल, तर मिश्रणात हवा जास्त जातेय. बऱ्याचदा क्रँकचं ऑइल सील सुकलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी. पिस्टन तापतो, जाम होतो आणि भर वेगात मागचं चाक अडतं. पाठीमागे बायको बसलेली असते, हे लक्षात घ्या. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीचं असंच झालं. गॅरेजने सिलिंडर बोअर केला, नवा पिस्टन घातला आणि सील तेच ठेवलं. तीन महिन्यांत नवा पिस्टनही जुन्याच्या वाटेने गेला! रोगी बदलला, रोग कायम.

आता नव्या टू-स्ट्रोक स्कूटरी निघत नाहीत. आहेत त्या बहुधा वडिलांच्या. सिलिंडर थोड्याच वेळा बोअर करता येतो. घासलेलं लोखंड परत येत नाही.

इंजिन कधी खोलावं लागतंच. पण का खोलतोय, हे पाना हातात घेण्याआधी सांगा. आणि गिऱ्हाईकहो, मेकॅनिक प्लगकडे बघत गप्प बसला, तर घाई करू नका. त्याला त्या गप्प बसण्याचे पैसे द्या. पावती मात्र मागू नका. 'विचार' नावाचं खातं अजून आमच्याही लेजरात उघडलेलं नाही.