चाळीस दिवसांपलीकडचा संयम

पालघर जिल्ह्यात दारू सुटलेल्या माणसाला ‘कशी सुटली?’ असे विचारले, तर उत्तरे साधारण ठरलेली असतात. डॉक्टरने दम भरला, माळ घातली, बैठकीला जायला लागलो, किंवा प्रार्थनेला जायला लागलो. यातले शेवटचे उत्तर आले की चर्चेची गाडी लगेच धर्मांतराच्या रुळावर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. धर्मांतरावर बोलायला पुष्कळ लोक आहेत. प्रार्थनेला जाणाऱ्या माणसाचा हात बाटलीपासून मागे का येतो, आणि काही वेळा का येत नाही, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

या जिल्ह्यात ख्रिस्ती धर्माचे तीन वेगळे थर आहेत. वसईचा समाज पोर्तुगीज काळापासूनचा. गावोगावची चर्च, स्वतःची बोली, स्वतःचे नियतकालिक असा त्याचा भरलेला संसार. डहाणू-तलासरीकडे विसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने काढले आणि अलीकडे पाड्यापाड्यांवर छोट्या प्रार्थनासभा उभ्या राहिल्या. तिसरा थर बोईसर-तारापूरचा. तारापूरचा किल्ला 1739 च्या जानेवारीत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, त्यानंतर या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती जीवन ओसरले. आज बोईसरमध्ये जे ख्रिस्ती दिसतात, त्यातले बरेचसे नोकरीमागे आलेले आहेत. 1969 मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे एमआयडीसी वाढली आणि देशभरातून माणसे आली. वसईचा माणूस चुकला तर त्याला ओळखणारे चार काका-मामा गावात असतात. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत रात्रपाळी करून आलेल्याला ओळखणारे कोणीच नसते.

ख्रिस्ती परंपरेत संयमाला मोठे स्थान आहे, पण ते कोठे आहे हे नीट पाहिले पाहिजे. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौल पवित्र आत्म्याची नऊ फळे सांगतो. यादीची सुरुवात प्रेमाने होते आणि संयम अगदी शेवटी येतो. फळ म्हटले की ते आज्ञा देऊन लागत नाही, मुळाशी काहीतरी आधी घडावे लागते. हाच पौल रोमकरांच्या पत्रात स्वतःबद्दल मोकळेपणाने सांगतो की करायचे ठरवतो ते राहून जाते आणि टाळायचे ठरवतो तेच हातून घडते. ख्रिस्ती विचारात संयमाची सुरुवात या कबुलीपासून होते. ‘मी ठरवले तर उद्या सोडेन’ म्हणणारा अजून उंबरठ्याबाहेरच आहे.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ही कबुली परिचयाची वाटेल. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली, ती ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळातून. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी दारूपुढे आपण हतबल झालो आहोत हे मान्य करण्याची. पुढच्या पायऱ्यांत स्वतःचा नैतिक हिशेब मांडणे, तो दुसऱ्या माणसासमोर वाचणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे हे सगळे येते. देव कोणता, हा प्रश्न मात्र चळवळीने ज्याच्या त्याच्यावर सोडला. त्यामुळे आज तिच्या सभांना कोणत्याही धर्माचा माणूस जातो, धर्म न मानणाराही जातो. 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण होते. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत या पद्धतीला जोडणारे उपचार इतर मान्यताप्राप्त उपचारांइतकेच किंवा त्यांहून बरे ठरले.

एडवर्ड डाउलिंग या येशूसंघीय धर्मगुरूने 1940 च्या सुमारास या बारा पायऱ्या वाचल्या, तेव्हा त्यांना त्यात संत इग्नेशियस लोयोलाच्या साधनेचे प्रतिबिंब दिसले. हा इग्नेशियस (1491–1556) येशूसंघाचा संस्थापक. तलासरी-झरीचे ज्ञानमाता सदन याच संघाचे. सैनिकी पेशातून आलेल्या या माणसाची आत्मपरीक्षणाची पद्धत कमालीची व्यवहारी आहे. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताच त्याची आठवण करायची, दुपारी आणि रात्री हिशेब घ्यायचा. दिवसासाठी कागदावर दोन रेघा, आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके. काल आणि आज, मागचा आठवडा आणि हा, अशी तुलना करायची. चूक झाली की त्याच क्षणी हात छातीला लावायचा, तोही असा की शेजारच्याला कळू नये. चार शतकांनंतर मानसशास्त्राने ‘स्वनोंद’ म्हणून जे तंत्र रुग्णांना शिकवायला घेतले, ते हेच. फरक इतकाच की इग्नेशियसचा माणूस हिशेबाआधी देवाचे आभार मानतो आणि शेवटी क्षमा मागतो. हा फरक लहान नाही. नुसता हिशेब ठेवणारा माणूस तिसऱ्या दिवशी ठिपके पाहून खचतो आणि वही फेकतो.

मनोनिग्रहाच्या शास्त्रातही गेल्या दोन दशकांत उलथापालथ झाली आहे. 1998 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा सिद्धान्त मांडला की इच्छाशक्ती मर्यादित साठ्यासारखी असते, वापरली की संपते. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून हा सिद्धान्त प्रयोगाने पुन्हा तपासला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. याउलट दुसरे एक निरीक्षण टिकून राहिले. ज्यांना आपण संयमी समजतो ती माणसे मोहाशी फारशी झुंजतच नाहीत. त्यांचा दिवसच असा बांधलेला असतो की मोहाची गाठ कमी पडते. जुन्या मठवासीयांना हे ठाऊक होते. प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, ठरलेले जेवण, ठरलेले काम आणि सोबतीला माणसे ही त्यांची सगळी रचना या एका अनुभवावर उभी होती.

वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ हेच काम करते. माळकरी माणसाला मटणाच्या किंवा दारूच्या पंगतीत ‘नको’ का, हे सांगावे लागत नाही. आग्रह करणाराच ओशाळतो. पाड्यावर ‘मी विश्वासी आहे’ या शब्दांना आज तशीच धार आली आहे. एकदा हे जाहीर झाले की हळदीच्या रात्री ग्लास पुढे करणारा मित्र थबकतो. नकार माणसाच्या एकट्याच्या जिवावर उभा राहत नाही, त्याच्या ओळखीवर उभा राहतो. श्रद्धेचा चमत्कार म्हणून प्रार्थनासभांतल्या साक्षींमध्ये जे सांगितले जाते, त्यातला मोठा भाग हा आहे, आणि त्याने श्रद्धेची किंमत कमी होत नाही.

उपवासकाळाकडे आता या नजरेने पाहू. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात. सहा रविवार वगळले की चाळीस. कॅथलिक चर्चचा उपवासाचा सक्तीचा नियम आज अगदीच सौम्य आहे. 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसाने राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खावे, एवढेच. बाकीच्या दिवसांचा उपवास ज्याच्या त्याच्या संकल्पावर. वसईत पुष्कळ घरांत या दिवसांत मांस शिजत नाही, लग्ने होत नाहीत, पिणारेही बाटली बाजूला ठेवतात. हे कौतुकाचे आहे. पण याच चाळीस दिवसांत एक फसवणूकही लपलेली असते. ‘उपवासकाळात थेंबही घेत नाही, म्हणजे मला व्यसन नाही’ हे वाक्य व्यसनी माणसाला फार सोयीचे आहे. मुदत ठाऊक असलेला नकार तो पाळू शकतो, कारण पुनरुत्थानाच्या सणाची तारीख त्याने आधीच हेरून ठेवलेली असते. ज्याच्या घरचे ईस्टरच्या दुपारची धास्ती घेतात, त्याने उपवास केला असे म्हणवत नाही.

चर्चने स्वतःच्या घरातली गोष्ट लपवली नाही, तर काय होऊ शकते याचे उदाहरण मुंबईत आहे, आणि त्याची शाखा वसईत. फादर जो परेरा हे स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले धर्मगुरू. त्यांनी 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे कृपामध्ये बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासने आणि प्राणायाम आले. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धर्मगुरूने ‘मीही यात सापडलो होतो’ म्हणणे हे शंभर प्रवचनांपेक्षा परिणामकारक ठरले, असे आम्हाला वाटते. व्यसनातून बाहेर पडलेल्या धर्मगुरूंना मिस्सामध्ये द्राक्षारसाऐवजी न आंबवलेला द्राक्षांचा रस वापरण्याची परवानगी मिळू शकते, ही तरतूदही याच प्रामाणिकपणातून आली आहे.

आता दुसरी बाजू. काही प्रार्थनासभांत ‘हात ठेवला आणि त्या क्षणापासून दारू सुटली’ अशा साक्षी दिल्या जातात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, ताप अशी अवस्था येऊ शकते आणि उपचार नसतील तर माणूस दगावूही शकतो. अशा माणसाला उपवासाला बसवून खोलीत कोंडणे म्हणजे श्रद्धा नव्हे. त्याला आधी दवाखान्यात न्यावे, औषधे आणि थायामिन हे जीवनसत्त्व मिळावे आणि मग प्रार्थनाही व्हावी. जो पास्टर किंवा धर्मगुरू हे सांगत नाही, त्याच्या सभेतल्या प्रत्येक साक्षीमागे न सांगितलेल्या काही गोष्टी असण्याची भीती राहते.

दुसरी तक्रार घरातल्या बाईची. नवरा चिडतो, मारतो, रविवारी पापनिवेदन करून येतो, आणि तिला सांगितले जाते की क्षमा कर, प्रार्थना कर, सहन कर. संयम ज्याचा सुटला त्याला शिकवायचा सोडून तो जिने कधी सोडलाच नाही तिच्यावर लादणे, ही ख्रिस्ती शिकवणीची थट्टा आहे. बारा पायऱ्यांत भरपाईची पायरी स्वतंत्र ठेवली, ती उगीच नव्हे. व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून अल्-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट चालतात. तिथे बायको नवऱ्याला सुधारण्याचे ओझे उतरवून ठेवायला शिकते.

आणि संयम फक्त कामगारानेच पाळायचा का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर देशातला सर्वात प्रदूषित औद्योगिक पट्टा ठरला. खाडीत रसायन सोडणाऱ्यालाही हाव आवरत नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ चालवली, तेव्हा जमीन-पाण्याच्या बाबतीतला हावरेपणा हा त्यांच्या लेखी धर्माचाच विषय होता. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रात उपभोगाच्या संयमावर लिहिले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. बोईसरच्या व्यासपीठावरून दारूवर प्रवचन होत असेल आणि सांडपाण्यावर मौन असेल, तर समोर बसलेल्या कामगाराला त्यातला भेदभाव कळतो.

बोईसर-तारापुरात काय करता येईल, हे फार अवघड नाही. इथे अडचण श्रद्धेच्या अभावाची नाही, वेळेची आणि सोबतीची आहे. कारखाने तीन पाळ्यांत चालतात. चर्चमधल्या बहुतेक सभा मात्र संध्याकाळी सातच्या, म्हणजे दुसऱ्या पाळीचा कामगार कामावर असताना आणि तिसऱ्या पाळीचा डबा भरत असताना. सकाळी नऊला, रात्रपाळी सुटल्यावर, एक सभा ठेवली तर ज्याला सर्वात जास्त गरज आहे तो येऊ शकेल. घरी जाऊन झोप येईपर्यंतचे दोन तास हेच त्याचे धोक्याचे तास. पगाराच्या दिवशी सोबत म्हणून दोन माणसे ठरवून देता येतील. कॅथलिक पॅरिश, उत्तर भारत चर्चची मंडळी, पाड्यांवरच्या स्वतंत्र सभा यांची आपापसात फारशी ये-जा नाही. पण व्यसनमुक्तीच्या गटाला पंथ लागत नाही, तेव्हा चर्चचा हॉल, शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर यांपैकी जे रिकामे असेल ते चालेल. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरशी आधी बोलून ठेवावे, म्हणजे पहिल्या चार दिवसांसाठी पाठवायचे कोठे हा प्रश्न ऐन वेळी पडणार नाही. बायकांचा गट वेगळा हवा, आणि तो चालवणारी बाई बाहेरची नको, वस्तीतलीच हवी. मराठीबरोबर हिंदीतही सभा व्हाव्यात, कारण बोईसरच्या खोल्यांत झारखंड, ओडिशा आणि उत्तर प्रदेशचीही माणसे राहतात. पुढच्या उपवासकाळाची वाट न पाहता हे या महिन्यातही सुरू करता येईल. त्यासाठी लागतील पाच-सहा खुर्च्या, एक किल्ली, आणि स्वतःची गोष्ट आधी सांगायला तयार असलेला एक माणूस.