शोधाच्या ओळीत काय लिहावे?

सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोबाइलवर ‘सांगली हळद’ असा शोध घेतला, तर बाजार समितीतील भाव, लागवडीचा सल्ला, बियाण्याच्या जाहिराती असे बरेच काही पुढे येते. गुडघे दुखतात म्हणून हळदीच्या अर्काच्या गोळ्या घ्याव्यात का, हा आपला प्रश्न मात्र तसाच राहतो. यात दोष यंत्राचा कमी, प्रश्नाचा अधिक.

यंत्रास आपली प्रकृती ठाऊक नसते. आपण लिहू तेवढेच त्यास कळते. ‘हळदीने गुडघेदुखी बरी होते का’ असे विचारले, की ‘होय’ म्हणणारी आणि गोळ्या विकणारी पाने पुढे सरसावतात. त्याऐवजी ‘हळद गोळ्या दुष्परिणाम’ असे लिहावे. त्याहून उत्तम म्हणजे आपल्या चालू औषधाचे नाव सोबत जोडावे. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा ठोक्यांची लय बिघडलेल्या अनेक ज्येष्ठांस वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध दिलेले असते. त्यासोबत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अर्क शरीरात अधिक शोषला जावा म्हणून काही गोळ्यांत मिरीचा अर्क मिसळतात. अशा गोळ्यांनंतर यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आमटीतल्या चिमूटभर हळदीविषयी हे नाही, हे सांगितलेले बरे, नाहीतर उद्या स्वयंपाकघरात वाद व्हायचा!

औषधाचे नाव गोळ्यांच्या पाकिटावरून घ्यावे. त्यावर कंपनीने दिलेले नावही असते. ते सोडून औषधाचे मूळ नाव इंग्रजीत जसेच्या तसे लिहावे. त्यापुढे ‘मेडलाइनप्लस’ हा शब्द इंग्रजीत जोडला, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची पाने सापडणे सोपे जाते. इंग्रजी वाचण्यास नातवंडांची मदत घेण्यात संकोच कसला? नको असलेल्या शब्दामागे वजाचिन्ह चिकटवून लिहिले, उदाहरणार्थ ‘हळद -भाव’, तर बाजारभावाची बरीच पाने गळतात. सर्वांत वर यंत्राने स्वतः रचलेला सारांश दिसतो. तो वाचावा, पण आपल्या डब्यात कोणत्या गोळ्या आहेत हे त्यास ठाऊक नाही. सापडलेले पान डॉक्टरांस दाखवावे. चालू गोळी स्वतःहून बंद करू नये.

माहितीतली चूक डॉक्टर दुरुस्त करू शकतात. दवाखान्याचा दूरध्वनी शोधताना झालेली चूक मात्र बँकेतल्या शिलकीवर येते. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून हे गाव उपचारांसाठी दूरवर ओळखले जाते. साताऱ्याकडचा एखादा मुलगा वडिलांना मिरजेस नेण्याआधी मोबाइलवर क्रमांक शोधतो, आणि नेमके इथेच ठक टपलेले असतात. रुग्णालयाच्या नावाखाली स्वतःचा क्रमांक ते पेरून ठेवतात. फोन लावताच गोड आवाज येतो: नोंदणीसाठी दहाच रुपये भरा, हा दुवा उघडा. दुवा उघडून एखादे ॲप मोबाइलवर उतरले, की खाते रिकामे होऊ शकते.

म्हणून ‘प्रायोजित’ असे लिहिलेली ओळ सोडून खाली उतरावे. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. क्रमांक रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा, आणि जुना केसपेपर घरात असेल तर त्यावरचाच क्रमांक सर्वांत खात्रीचा. ओटीपी विचारणाऱ्यास कोणतेही उत्तर न देता फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेसही कळवावे. ही तक्रार जितकी लवकर पोहोचेल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता अधिक. हा क्रमांक आजच मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळच्या भिंतीवर लावावा. त्या गडबडीत तो मोबाइलवर शोधण्याची वेळ येऊ नये.